हरभट रोडवर ठेवलेल्या वस्तू

एकोणीस वर्षांचा होतो. मार्केट यार्डात नवा.
काट्याशी उभं राहायचं, हळदीची पोती मोजायची,
नाकात पिवळं, नखांत पिवळं.
वही काढली तर दस्तगीर तोलारानं ती पोत्याखाली सारली.
"लिवून ठेवलं की डोकं म्हणतंय, आता माझं काय काम?
घरापासनं पुलापर्यंत रस्ता पाठ हाय न्हवं तुझा?
मग एकेक आकडा एकेका जागी ठेवत जा.
आणि नीट ठेवू नगंस.
नीट ठेवलेलं माणसाला दिसत न्हाई."

म्हणून मारुती चौकात
एकोणपन्नास किलोचं पोतं लुगडं नेसून एसटीची वाट बघत बसलं.
हरभट रोडला कापडवाल्यानं राजापुरी हळद
मीटरनं मोजली, कात्रीनं कापली.
टिळक चौकात त्या दिवसाचा भाव
पोलिसाच्या स्टुलावर चढून शिट्टी फुंकू लागला,
आणि आयर्विन पुलाच्या कठड्यावर
खरेदीदार पाय सोडून बसले, सगळे नावानिशी.
संध्याकाळी डोळे मिटून त्या रस्त्यानं जायचं
आणि ठेवलेलं गोळा करत यायचं.
अडत्याच्या मुनीमाची वही दोनदा चुकली.
मी नाही.

त्रिशला म्हणायची, "अख्ख्या यार्डाचं वजन सांगता
आणि कोथिंबीर विसरता."
मग कोथिंबीरही पोलिसाच्या कानात खोचली.
दार उघडताना ती विचारायची,
"काय होतं आज पोलिसाच्या कानात?"
कधी आलं. कधी सुईदोरा. एकदा गॅसचा नंबर.

पुढं तिच्या गोळ्या आल्या.
मिरजेच्या डॉक्टरांनी कागद लिहून दिला,
मी तो टेबलावरच ठेवून आलो. उद्धटपणा म्हणा.
सकाळची निळी-पांढरी कॅप्सूल मारुती चौकात,
नावेएवढी, तीत गल्लीतली पोरं चढलेली.
जेवणाआधीची अर्धी हरभट रोडला,
कापडवाला उरलेली अर्धी शोधत गिऱ्हाइकांवर ओरडतोय.
रात्रीची कडू पुलाखाली,
कृष्णामाई ती गिळते आणि तोंड वाकडं करते.
चौदा महिने.
एकही वेळ चुकली नाही.
चुकली असती तर निदान तिथं बोट तरी ठेवता आलं असतं.

ठेवायचं कसं ते दस्तगीरनं शिकवलं.
उचलायचं कसं, ते राहून गेलं.

दुधाची पिशवी ठेवायला जातो,
तर चौकात कॅप्सूल आहेच, पोरांसकट.
पिशवी घसरून पडते.
मीठ नेलं तर कापडवाला विचारतो, अर्धी सापडली का?

पुराच्या साली टिळक चौकात पहिल्या मजल्याला पाणी लागलं.
शालेवरच्या छावणीत, सतरंजीवर पडून
मी गुपचूप हिशेब करत होतो:
एवढी दुकानं धुऊन निघाली, माझंही जाईल.
पाणी उतरल्यावर फावडं घेऊन सगळ्यांबरोबर गेलो.
सगळीकडं चिखल.
कॅप्सूलवरही चिखल होता.

दस्तगीरला भेटायला कुपवाडला गेलो एकदा.
नव्वदीचा. मला ओळखलं नाही त्यानं,
पण हातातलं केळं दोनदा वर-खाली केलं आणि म्हणाला,
"शंभर ग्रॅमला जरा कमी."
विचारलं, उचलायचं कसं?
केळं सोलत राहिला. मग म्हणाला,
"कोन उचलतंय?"

काल नातवानं खिशात चिठ्ठी कोंबली.
मंडईत उभं राहून वाचली:
कोथिंबीर, दूध, मीठ.
तीन शब्द, रेघ सोडून खाली घसरलेले.
कुणाच्या कानात नव्हते, कुठल्या कठड्यावर नव्हते.
घेतलं, पैसे दिले, झालं.

घरी जायला खणभागातली बोळ जवळची.
तरी मारुती चौकातून आलो.
ऊन होतं. पोरांना म्हटलं, उतरा आता.
एकानं वरून विचारलं,
"आजोबा, पिशवीत काय हाय?"